सहा वार निळं कापड

आमच्या घराचं छत म्हणजे त्यांची जमीन होती. त्यामुळे वरचे लोक कधी उठतात, कोण अनवाणी चालतं, कुणाचा राग टाचेत उतरतो, हे सगळं आम्हाला ओळख व्हायच्या आधीच कळायला लागलं होतं. मिसिसागामधल्या त्या घराचं बेसमेंट बाबांनी भाड्याने घेतलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, वह्यांना कव्हरं घालणारी, कपाटातले कपडे रंगावरून लावणारी. आपल्याला इंग्रजी येतं, त्यामुळे इथे आपल्याला काही कमी पडणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती. बाबा विमानतळाजवळच्या एका गोदामात काम करायचे. आईला इंग्रजी बेताचं येत होतं, पण शिवणकाम उत्तम यायचं. आल्याआल्या तिने सेकंडहँड मशीन घेतलं आणि खिडकीखाली मांडलं. ती खिडकी जमिनीच्या पातळीवर होती. हिवाळ्यात तिच्यातून फक्त बर्फ दिसायचा आणि उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट.

अन्वी, ईशान, नातवंडांनो, तुमच्या सरे शहरातल्या घरात लाँड्रीची वेगळी खोली आहे, म्हणून हे सांगावं लागतंय. आमच्या त्या घरात कपडे धुण्याचं मशीन बेसमेंटमध्ये होतं आणि तिथे जायची वाट आमच्या स्वयंपाकघरातून होती. म्हणजे वरच्या मजल्यावरचं माणूस बुधवारी आणि शनिवारी टोपली घेऊन आमच्या ओट्यासमोरून जाणारच. पहिल्या शनिवारी जी टोपली घेऊन आली ती ओनोमे. माझ्याच वयाची, माझ्याच शाळेत, माझ्यापेक्षा वीतभर उंच. आई त्या वेळी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवत होती. ओनोमे टोपली धरून थांबली, पातेल्यात वाकून बघितलं आणि जिन्याकडे तोंड करून तिच्या भाषेत आजीला ओरडून काहीतरी सांगितलं. तिची आजी, जिला घरात सगळे बिग मम्मी म्हणत, एकेक पायरी मोजत खाली आली. तिने आईच्या हातातला उलथना सरळ काढून घेतला आणि चीक घोटायला लागली. तिच्याकडे कसाव्याच्या कंदाचा असाच चीक करतात, पाम तेल घालून पिवळाधमक, आणि रश्शाबरोबर हाताने खातात. त्या दोघींना एकमेकींचं एक वाक्य धड कळत नव्हतं, पण गुठळी होऊ न देणं हा विषय दोघींचाही होता. मी कोपऱ्यात उभी राहून दुभाषा व्हायची वाट बघत होते. कुणाला माझी गरज पडली नाही.

बिग मम्मी ड्रायर थांबेपर्यंत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची आणि तिच्या नायजेरियन इंग्रजीत जुन्या गोष्टी सांगायची. त्यामुळे त्या घराचा इतिहास मला तुकड्यातुकड्याने कळला. ते लोक उर्होबो जमातीचे. त्यांचा मुलूख नदीच्या मुखाकडचा. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर योरुबा लोकांच्या प्रदेशात गेली, कारण तिथे ताडासारखी उंच तेलाची झाडं रानोमाळ होती आणि त्यावर चढणारी माणसं कमी होती. पुरुष झाडावर चढून घड तोडत, बायका ती फळं उकडून, तुडवून तेल काढत. जमीन योरुबांची, घाम यांचा. सुरुवातीला गावातले लोक त्यांना एका नावाने हाक मारत. ते नाव तिने मला कधी सांगितलं नाही. "ते नाव तिथेच राहू दे," ती म्हणाली. मग मुलं झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा नवऱ्याने मुलांना दुसरी, योरुबा नावं दिली. ती पद्धत पुढे नातवंडांपर्यंत आली. म्हणून ओनोमे घरात ओनोमे आणि बाहेर बिसी. मिसिसागामध्ये त्यांच्या ओळखीची सगळी नायजेरियन कुटुंबं योरुबा होती आणि ती यांना आपल्यातलंच समजत. ओनोमेच्या वडिलांनी तसं समजू दिलं होतं. "इतक्या लांब आलोय, आता इथे पुन्हा परके कशाला व्हायचं?" असं ते म्हणत. यावर बिग मम्मी ड्रायरचं दार जरा जोरात लावायची.

मला या गोष्टीत तेव्हा दुःख वगैरे काही दिसलं नाही. मला दिसलं ते हे, की हिला दोन नावं आहेत, दोन भाषा आहेत, दोन ठिकाणी हिला आपलं म्हणतात, आणि मला एकही नीट जागा नाही. आमच्या आसपास भारतीय होते, पण ते पंजाबी आणि गुजराती. देवळात आम्ही हिंदी बोलायचो. शाळेत माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकून मुली हसायच्या, म्हणून मी महिन्याभरात उच्चार बदलून घेतले होते आणि ते घरातही वापरायला लागले होते. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. तुम्ही हसू नका. तुमची आईही तेच करायची आणि तुम्हीही तेच करता.

आणि मग ही वरच्या मजल्यावरची मुलगी मराठी शिकली. कुणी शिकवलं नाही तिला. शाळा सुटली की दप्तर वर टाकून खाली यायची, आईच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची, काजं करायला शिकायची आणि आईचं बोलणं उचलायची. तिच्या घराण्याची ती सवयच होती. जिथे राहायचं तिथली बोली पहिल्या पावसात रान हिरवं व्हावं तशी अंगावर येऊ द्यायची. चार-सहा महिन्यांत ती आईच्याच नागपुरी हेलात बोलायला लागली. "आई, दोरा संपला ना बाप्पा!" हे तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आई मशीन थांबवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हो, ती आईला आईच म्हणायची. कुणाला विचारलं नाही, परवानगी घेतली नाही.

संक्रांतीला आईने ओळखीच्या पाच-सहा मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बाहेर उणे पंधरा. बायका काठपदर नेसून, वर जाडजूड पार्का चढवून आल्या आणि दारात बूट काढून पायमोज्यांवर उभ्या राहिल्या. ओनोमेने तिळगूळ वाटला, आणि प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. म्हणजे नुसतं वाकून नाही, गुडघे टेकून, त्यांच्याकडची रीत. बायका गहिवरल्याच. बाबांच्या गोदामातल्या सहकाऱ्याची बायको, देशमुख काकू, म्हणाली, "अगं बाई, किती गोड मराठी! नाहीतर आपल्या मुली बघा. शुभदा, शिक जरा हिच्याकडून."

"आय कॅन स्पीक मराठी, काकू," मी म्हणाले.

"ऐकलं," काकू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

त्या हसण्यातला आईचा आवाज मला आजही वेगळा काढून दाखवता येईल. मत्सर हा शब्द मोठा आणि पुस्तकी वाटतो. मला होत होतं ते फार बारीक होतं. आई पोळी वाढताना पहिली कुणाच्या ताटात टाकते, "बरं झालं आलीस" हे कुणाला म्हणते, सुईत दोरा ओवायला कुणाला हाक मारते, याची मी मनात नोंद ठेवत होते, आणि नीटनेटक्या माणसाची नोंद फार वाईट, कारण तिच्यात काही गळत नाही.

वसंतात रोंके आंटीच्या मुलीचं लग्न ठरलं. रोंके आंटी म्हणजे त्या योरुबा मंडळींमधलं मोठं प्रस्थ. आवाज मोठा, मनही मोठं, आणि कुणी काही लपवलं तर राग त्याहून मोठा. त्यांच्याकडे लग्नात नातलगांनी आणि जवळच्या लोकांनी एकाच कापडाचे कपडे घालायची पद्धत असते. कापड यजमानीण निवडते आणि वाटते. ज्याला ते कापड मिळालं तो आपला. रोंके आंटीने गडद निळ्यावर पिवळी पानं असलेलं कापड लागोसहून मागवलं आणि सव्वीस बायकांचे कपडे आईकडे शिवायला टाकले. सैलसर ब्लाउज, त्याला बुबा म्हणतात, आणि कमरेला गुंडाळायचं एक लांब वस्त्र. गठ्ठ्यांवर मापाच्या चिठ्ठ्या लावायचं काम माझं होतं. ओनोमेच्या गठ्ठ्यापाशी मी थांबले. "काय लिहू?"

"बिसी," ती म्हणाली. "या कापडावर बिसीच."

आणि आणखी एक. त्यांच्याकडे लग्नाच्या दिवशीच साखरपुडा होतो, त्यात मुलाकडून मागणीचं पत्र येतं आणि ते सगळ्यांसमोर मुलीच्या धाकट्या बहिणीने वाचायचं असतं. रोंके आंटीला एकच मुलगी. तिने ओनोमेला निवडलं. "बिसीपेक्षा सुरेख योरुबा इथल्या कुठल्या मुलीला येतं?" ती म्हणाली. मुलाच्या आजीचा हट्ट होता की पत्र योरुबातच हवं. ओनोमे ते जिन्याखाली उभी राहून पाठ करायची. शब्द कळत नसूनही मला त्याची चाल पाठ झाली होती.

मलाही मिळालं कापड. सत्ताविसावा गठ्ठा, सहा वार. रोंके आंटीने स्वतः माझ्या हातात दिला. "तुझी आई आमचे हात, मग तू आमची नाहीस का?" मी तो गठ्ठा उशाशी ठेवून झोपले. आई म्हणाली, तुला त्यांच्यासारखाच पूर्ण जोड शिवते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी रांगेत त्याच रंगात उभी राहणार होते.

लग्नाच्या आठवड्यात, बुधवारी, मी शाळेतून आले तर माझं कापड कापायच्या टेबलावर होतं आणि त्यातून दोन वार वेगळे काढलेले. ओनोमे शेजारी उभी होती. आईने शांतपणे सांगितलं. उर्होबो बायका एक नाही, दोन वस्त्रं नेसतात. एक घोट्यापर्यंत आणि त्यावर कमरेपासून गुडघ्याच्या जरा वर येणारं दुसरं. बिग मम्मीने साठ वर्षं योरुबांच्या लग्नात योरुबा पद्धतीने एकच गुंडाळलं होतं. या वेळी तिला तिच्या मुलखासारखं नेसायचं होतं. "मी किती लग्नं आता बघणार?" असं म्हणाली होती ती. ओनोमेच्या वडिलांना सांगितलं तर ते नको म्हणतील, म्हणून गुपचूप. आणि तिच्या वाट्याच्या कापडात दुसरं वस्त्र निघत नव्हतं.

"माझ्यात काय उरतं मग?" मी विचारलं. त्या दिवशी मराठीतच विचारलं.

"तुझा ब्लाउज होतो ना छान. खाली तुझा निळा स्कर्ट घाल."

"शुभदा, सॉरी गं," ओनोमे म्हणाली. "मी आईला म्हटलं होतं, तुला आधी विचारू."

म्हणजे विचारायचं हेही तिलाच सुचलं होतं. मी सव्वीस गठ्ठे उतरत्या मापाने लावले आणि वर चिठ्ठ्या सरळ केल्या.

दुसऱ्या दिवशी आई दोरा आणायला गेली असताना रोंके आंटी कपडे न्यायला आली. मी गठ्ठे तिच्या हातात देत होते. ती माझं कौतुक करत होती, किती व्यवस्थित, किती गुणी. मी म्हणाले, "आंटी, तुम्हाला माहीत आहे ना, बिसी तिचं खरं नाव नाही? ते लोक योरुबा नाहीत. उर्होबो आहेत. बिग मम्मीनेच सांगितलंय मला. आणि ती तुमचं कापड वेगळ्या पद्धतीने नेसणार आहे."

आवाज अगदी साधा ठेवला होता मी. रोंके आंटीने हातातला गठ्ठा टेबलावर ठेवला, त्याची घडी सारखी केली. "सात वर्षं माझ्या घरी जेवतात ते," ती म्हणाली. "सात वर्षं. त्यांनी सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते का मी?" मग माझा गाल थोपटला. "चांगली मुलगी आहेस तू, खरं बोललीस."

शुक्रवारी निरोप आला. ओटावाहून रोंके आंटीच्या बहिणीची मुलगी टोयिन येतेय, पत्र ती वाचेल. घरचीच आहे ना. ओनोमे फोन ठेवून खाली आली, स्टुलावर बसली आणि माझ्या ब्लाउजची उरलेली चार बटणं लावली. मला अपेक्षित असलेला आनंद झाला नाही. पण खोटं लिहीत नाही, थोडा झाला.

शनिवारी हॉलच्या दारात रोंके आंटी पाहुण्यांचं स्वागत करत होती. बिग मम्मी आली. माझ्या दोन वारांचं दुसरं वस्त्र कमरेला, गळ्यात पोवळ्याची माळ. ओनोमेच्या वडिलांना ती कारमधून उतरेपर्यंत कळलं नव्हतं. ते जागच्या जागी उभे राहिले. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. त्यांच्याकडे वयाने लहान बाईने मोठीपुढे गुडघे टेकायचे असतात, यजमानीण असली तरी. रोंके आंटीने बिग मम्मीकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. एवढा वेळ गेला की मला वाटलं, ही आता टेकत नाही. मग तिने नवंकोरं वस्त्र सावरलं आणि गुडघे टेकले. बिग मम्मीने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, तो योरुबात नाही, उर्होबोत. "व्रेन दो." रोंके आंटी तशीच खाली, वर बघत राहिली.

"ऊठ म्हणतेय, आंटी," ओनोमे हळूच म्हणाली.

पुढे पत्राची वेळ आली. टोयिन बिचारी ओटावात जन्मलेली. दोन दिवसांत इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केलेलं योरुबा. दुसऱ्या ओळीत अडखळली, तिसरीत थांबली. म्हातारी मंडळी खांदे हलवून हसायला लागली. कार्यक्रम चालवणाऱ्या, ढोलावर गाणी म्हणणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "हे पत्र ओटावाहून पायी आलंय वाटतं. बसू द्या त्याला जरा!" टोयिन लाल झाली. तिने सरळ रांगेत येऊन कागद ओनोमेच्या हातात दिला. "बिसी, प्लीज, यू डू इट." ओनोमेने रोंके आंटीकडे पाहिलं. रोंके आंटीने मान हलवली.

ओनोमेने कागदाकडे पाहिलंच नाही. पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत, ठाय लयीत, थांबायचं तिथे थांबून तिने ते म्हटलं. मुलाची आजी काठी आपटून दाद द्यायला लागली. त्या गाणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणाची गं पोर तू? कुठल्या गावची?" आणि तिने तिच्या आजीकडे बघून स्वच्छ आवाजात सांगितलं, आधी योरुबात, मग आमच्यासाठी इंग्रजीत, "आम्ही उर्होबो. पण तुमच्यातच वाढलो." आणि मग असा गलका, असा ढोल, की तिचे वडील रुमालाने तोंड पुसत राहिले. मी निळा स्कर्ट घालून तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते. मी तिचं जे उघडं पाडायला निघाले होते ते तिने स्वतःच सगळ्यांपुढे मांडलं, आणि ते तिला शोभून दिसलं.

जेवणाच्या रांगेत रोंके आंटी आईला म्हणाली, "तुझी मुलगी प्रामाणिक आहे. तिने मला आधीच सांगितलं, नाहीतर दारात माझी फजिती झाली असती." आई हसली, थँक यू म्हणाली.

रविवारी दुपारी ती मशीनवर झाकण घालत म्हणाली, "शुभे, तुला काय कमी पडलं होतं गं?" मी दोऱ्याची रिळं रंगावरून लावत राहिले. "काहून केलंस असं, ते मी विचारत नाही. पण ओनोमेला हे कळू द्यायचं नाही. तिला फार लागेल. तुला बहीण समजते ती. शपथ घे." मी आईची शपथ घेतली.

तासाभराने ओनोमे टोपली घेऊन खाली आली. आई वर बिग मम्मीकडे गेली होती. ओनोमेने कपडे मशीनमध्ये घातले, साबण घातला, झाकण लावलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "टोयिनने मला वॉशरूममध्ये सांगितलं. तू होतीस." मी काहीतरी सुरू केलं, तिने हात वर केला. "मी रागावलेय. खूप. ते आपलं आपण बघू. पण आईला सांगू नकोस. आपल्या मुलीने असं केलं हे कळलं तर तिला झोप लागणार नाही. प्रॉमिस कर." मी प्रॉमिस केलं.

आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. ओनोमेचा राग दोन वर्षं टिकला आणि मग कधीतरी, मला न सांगता, संपला. ती अजून दर महिन्याला माझ्याकडे येते, तुमच्याशी फोनवर मराठीत बोलते, आणि तुम्ही तिला मावशीआजी म्हणता. मी दोन्ही शपथा पाळल्या. शेवटपर्यंत त्या दोघी एकमेकींसमोर बसून काजं करत, माझ्याबद्दल चांगलं बोलत, एकीला कळू नये म्हणून दुसरी जपत राहिली. मी तिथेच असायचे, चहा द्यायचे, दोघींच्या मधून जायचे. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मला काहीच कमी नव्हतं. तिला थोडं कमी असावं, एवढंच हवं होतं. आणि तिला कमी झालं नाहीच. उलट माझ्या आईने तिच्यापासून काही लपवलं, तिने माझ्या आईपासून काही लपवलं. मला जपायला म्हणून माझ्यापासून कधी कुणी काही लपवलं नाही. याचाही मला हेवा वाटला. अजून वाटतो.